एका कंबरेच्या तीन शस्त्रक्रिया

माझ्या कंबरेत नेमकं काय बिघडलंय हे आमच्या इमारतीत मला सोडून सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. समोरच्या दारातले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मणक्यात गॅप आलीय तुमच्या." जिन्यात भेटेल तो हेच म्हणाला. आता माझा आजार नेमका याच्या उलटा. मणक्यांच्या मधून पायांकडे जाणाऱ्या नसांसाठी जी नळी असते ती माझ्या बाबतीत अरुंद होत चालली होती. म्हणजे असायला हवी ती गॅपच नाहीशी झाली होती आणि नसा बिचाऱ्या तिच्यात चेंगरत होत्या. हे मी हेडमास्तरांना नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी कच्च्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेच ते."

उभा राहिलो की पाय जड व्हायचे. चालायला लागलो की पोटऱ्यांत मुंग्या, आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी पोचेपर्यंत हे पाय आपले नव्हेतच असं वाटायचं. बसलो किंवा पुढे वाकलो की मात्र लगेच बरं. त्यामुळे रस्त्यात थोड्या थोड्या अंतरावर वाकून मी बुटाची नाडी बांधल्याचं सोंग करी. मी बारा महिने चपला घालतो, हे लोकांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

शेवटी एमआरआयचे फोटो निघाले आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "शस्त्रक्रिया" हा शब्द उच्चारला. भीती वाटली हे मी कबूलच करतो. कंबर म्हणजे काही अक्कलदाढ नव्हे. तिथून पायांच्या सगळ्या तारा जातात. सुरीचं टोक जरा इकडचं तिकडे झालं, तर उरलेला जन्म खिडकीत बसून दुसऱ्यांच्या चपला बघण्यात जायचा. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं ते जाईचना. जेवताना यायचं, दाढी करताना यायचं. डॉक्टरांच्या समोर बायकोनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नका हो." मी दचकलो. बायकोचे हात ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखे असतात. "केवढे गार हात तुझे! काढ आधी," मी म्हणालो. हे वाक्य मी लग्नापासून इतक्या वेळा बोललोय की तिला ते आता ऐकूच येत नाही.

धीर द्यायला हेडमास्तर आलेच. दारातच उभे राहून म्हणाले, "माझ्या साडूच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. अगदी तुमचंच दुखणं. चालत गेले ऑपरेशनला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय..." असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्यांच्या घरात फोन वाजला आणि ते आत गेले. त्या गृहस्थांचं पुढे काय झालं हे विचारायचा मला धीर झाला नाही. "होते" म्हणाले होते, तेवढं मला पुरे होतं.

मी एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागात अधिकारी आहे. आमच्याकडे तीन दरपत्रकं आल्याशिवाय टाचणीसुद्धा घेत नाहीत. तिन्ही दरपत्रकं समोर ठेवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, साहेबांनी त्यावर "चर्चा करावी" असा शेरा मारायचा, की मग सहा महिने कोणाला काही बोलता येत नाही. तिसऱ्या दरपत्रकावर शिक्का नाही म्हणून पंख्यांची अख्खी फाईल मी परत पाठवलेली आहे आणि आमचा विभाग अजून त्याबद्दल घाम पुसत माझं नाव घेतो. (ज्या खुर्चीनं माझी कंबर घालवली असं माझा मेहुणा म्हणतो, तीही रीतसर तीन दरपत्रकं मागवून मीच घेतलेली.) तेव्हा कंबरेसाठी तीन शल्यविशारद गाठायचे हे ओघानं आलंच.

पहिल्या होत्या त्या एक बाई. कमी बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर मणका काढला आणि म्हणाल्या, "मागच्या बाजूनं हाडाला खिडकी पाडायची, आतला जाड झालेला पडदा काढायचा, नसांना जागा करून द्यायची. बस्स." बाकी काही हवं असेल तर विचारा, म्हणाल्या. मला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या, पण मी नुसती मान डोलावून बाहेर आलो. यांचं नाव आम्ही घरात खिडकीवाल्या बाई ठेवलं.

दुसरे स्क्रूवाले. यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा पाठीचा कणा होता. बोलताना ते त्याच्याशी चाळा करत होते. "नुसती खिडकी पाडलीत आणि भिंतच हलली तर? दोन मणके स्क्रू आणि सळ्या घालून एकमेकांना सांधून टाकू. हलायचं नाव नाही," असं म्हणता म्हणता त्यांच्या हातातला एक मणका निखळला आणि टेबलाखाली गडगडत गेला. तो वाकून मीच काढून दिला. वाकणं हे एवढं एकच काम मला छान जमत होतं. मणका परत बसवताना त्यांची जी धांदल उडाली ती पाहून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तिसरे दुर्बीणवाले. बोटभर भोक, त्यातून नळी, नळीतून दुर्बीण, दुसऱ्या दिवशी घरी. ऐकून जीव भांड्यात पडला. मग त्यांनी पडद्यावर एका ऑपरेशनची फीत लावली. मी पहिल्याच दृश्याला डोळे मिटले ते शेवटपर्यंत. बायकोनं मात्र खुर्ची पुढे ओढून सगळं पाहिलं आणि नेमके प्रश्न विचारले. "यांची नळी एकाच जागी अरुंद नाहीये, मग एवढ्याशा भोकातून सगळीकडे पोचाल?" डॉक्टर म्हणाले, "ते आत गेल्यावर बघू." "आत गेल्यावर बघू" हे वाक्य नळ दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडी ठीक आहे. मला तिथे घाम फुटला.

तर असे तीन. मी तक्ता केला. टाके, झोपून राहायचे दिवस, भूल, पुन्हा कामावर कधी, आणि हमी. हमीच्या रकान्यासाठी मी स्क्रूवाल्यांना फोनही केला. "स्क्रू किती वर्षं टिकतील?" ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त." मी ते लिहून घेतलं आणि मग बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसलो. खिडकीवाल्या बाईंना स्क्रूबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, "भिंत हलतच नसेल तर टेकू कशाला? दोन मणके सांधले की भार त्यांच्या वरच्या मणक्यावर जातो. एक वाकून आणि एक मागे झुकून असे एक्स-रे काढा, मणका सरकतो की नाही कळेल." एक्स-रे काढायचं मी पुढे ढकललं. मणका सरकतो असं निघालं तर?

तुलना अपुरी राहू नये म्हणून मी आणखी एक शहाणपणा केला. विमा कंपनीकडे तिन्ही इस्पितळांतून तिन्ही शस्त्रक्रियांचे मंजुरीचे अर्ज पाठवायला लावले.

"तिन्ही करून घेणार आहात?" बायकोनं विचारलं.

"अगं, अशी पद्धत असते. कोणाला कशी मंजुरी मिळते ते कळायला नको?"

"आणि ऑपरेशन कधी?"

"तक्ता पूर्ण झाला की."

माझी पाचावर धारण बसलीय आणि तक्त्याच्या आड मी लपलोय, हे तिला केव्हाच कळलेलं होतं. पण तिथेच बसलेल्या मेहुण्यासमोर तिनं माझी अब्रू राखली. मेहुणा आपला सांगत होता की उलटं लटकलं की मणके आपोआप सुटे होतात, आणि दाराच्या चौकटीची उंची बघत होता.

याच सुमारास मला एक मोठा शोध लागला. सुपरमार्केटातल्या ट्रॉलीच्या दांड्यावर कोपरं टेकून पुढे वाकलं, की मी कितीही चालू शकतो! नसांना म्हणे वाकल्यावर जागा मिळते. मला कारणाशी काय करायचंय? मी रोज संध्याकाळी बायकोबरोबर जाऊ लागलो. ती सामान घेई आणि मी दुसरी, रिकामी ट्रॉली घेऊन रांगांमधून फिरे. साबण, बिस्किटं, झाडू, पुन्हा साबण. कुठे मुंगी नाही, कुठे कळ नाही. ऑपरेशनशिवाय भागतंय की, असं मी मनाशी म्हणू लागलो. तक्ता घडी घालून कपाटात गेला.

तिथल्या रखवालदाराला मात्र माझा संशय आला. येणं साहजिक होतं. रोज येऊन सगळ्या वस्तूंकडे निरखून बघतो आणि काही म्हणजे काही घेत नाही, असा माणूस त्यानं आधी पाहिला नसावा. आमच्या खरेदी विभागात याला अनुभव म्हणतात. तो माझ्या मागून एक रांग सोडून चालायचा. मी थांबलो की तो थांबायचा. एकदा म्हणाला, "काका, काही हवंय का?" मी ताठ आवाजात म्हणालो, "तुलना करतोय." ताठ फक्त आवाजच होता.

त्या दिवशी मी अशीच फेरी मारत होतो आणि मागून हाक आली, "ओ काका! थांबा!" मी वळून पाहिलं. रखवालदार झपाझप माझ्याकडे येत होता आणि त्याच्या हातात चप्पल होती.

आता आयुष्यभर चोख काम केलेल्या माणसामागे भर दुकानात कोणी चप्पल उगारून येऊ लागलं तर तो काय करील? मी पळालो. म्हणजे ट्रॉली पळाली आणि मी तिच्यावर ओणवा. बिस्किटांच्या रांगेतून वळलो, झाडूंच्या रांगेत शिरलो. मागून तो ओरडतोय, "अहो काका, थांबा की!" लोक बाजूला होताहेत. एक बाई दुसरीला म्हणाली, "काय चोरलं हो यांनी?" दुसरी म्हणाली, "वय काय, वागणं काय!" माझे कान तापले. मी म्हणणार होतो की बाई, मी अधिकारी आहे. पण धावताना हे म्हणायला दम लागतो. शेवटी मुरंब्याच्या बाटल्यांशी ट्रॉली अडली आणि त्यानं मला गाठलं.

तो धापा टाकत होता. त्यानं चप्पल खाली ठेवली.

"काका, ही तुमची. मघाच पायातून सुटली. एक पाय अनवाणीच फिरताय तुम्ही."

मी खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डाव्यात नव्हती. आणि मागे, सगळ्या रांगांमधून, माझ्या डाव्या पायाचे लाल ठसे उमटलेले होते.

"मघाशी इथे स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याची बाटली फुटली होती," रखवालदार म्हणाला. "त्यातूनच गेलात. पुसून घेतो मी."

तेवढ्यात बायको पोचली. तिनं मला गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसवलं, पाण्याची बाटली उघडली आणि गुडघे टेकून माझा पाय धुवायला घेतला. मी सगळी हकिगत सांगत होतो, माझा कसा अपमान झाला, लोक काय काय म्हणाले. ती धूत होती. मुरंबा जात होता, पण लाल रंग काही जाईना. मग तिनं पाय वर करून तळवा पाहिला, चिमटीत धरून काचेचा एक लांबट तुकडा बाहेर काढला आणि तो माझ्यासमोर धरला.

"दुखलं नाही?" तिनं विचारलं.

"छे!" मी म्हणालो. खरं सांगतो, क्षणभर मला माझ्या सोशिकपणाचं कौतुकच वाटलं. मग तिचा चेहरा दिसला.

बायको घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. ती पाल झाडूनं बाहेर काढते, साहेबांच्या बायकोशी वाद घालते, ऑपरेशनची फीत खुर्ची पुढे ओढून बघते. ती माझा पाय दोन्ही हातांत घट्ट धरून बसली होती आणि तिचे ओठ थरथरत होते.

"केव्हापासून धरलाय मी पाय," ती म्हणाली. "एकदाही ओरडला नाहीत, हात गार आहेत म्हणून."

मी पायाची बोटं हलवून पाहिली. ती जागची हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीवाल्या बाईंच्या समोर होतो. त्यांनी मला टाचांवर उभं राहायला सांगितलं, बोटांवर उभं राहायला सांगितलं. डावा पंजा वर उचलेना. मग वाकून आणि झुकून दोन्ही एक्स-रे काढले. मणका सरकत नव्हता. इतके दिवस ज्याला भिऊन मी एक्स-रे टाळला तो मणका आपला शहाण्यासारखा जागेवर बसून होता.

"म्हणजे स्क्रू नकोत," बाई म्हणाल्या. "आणि अरुंद जागा एकाहून जास्त आहेत, तर मी दुर्बिणीच्या भरवशावर राहणार नाही. खिडकी पाडू. आता मला सांगा, तुम्ही तीन पर्याय तोलत होतात ना?"

मी मोठ्या आशेनं कपाटातून आणलेला तक्ता खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पाहिला.

"यात चौथा कुठाय?"

"चौथा?"

"काहीच न करण्याचा. इतके दिवस तुम्ही तोच वापरताय."

आमच्या धंद्यात न घेतलेल्या वस्तूनं कधी कुणाचं वाईट झालेलं नाही. न घेतलेल्या पंख्यापायी कुणाचा पाय गेला असं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे तो रकाना मला सुचलाच नव्हता.

"पाय परत येईल ना?" बायकोनं विचारलं.

"कळा थांबतील. चालणं सुधारेल. बधिरपणाचं मी वचन देत नाही. किती काळ चेंगरलीय ते त्या नसेलाच ठाऊक. पण आता उशीर नको."

आणि नेमका इथेच उशीर व्हायचा होता. विमा कंपनीतल्या मुलीचा फोन आला. आवाज गोड होता.

"सर, तुमच्या नावावर एका कंबरेच्या तीन शस्त्रक्रिया आहेत. तीन इस्पितळांत. आमच्याकडे हे प्रकरण चौकशीला गेलंय."

"अहो, मला एकच करायचीय!"

"मग बाकी दोन इस्पितळांची पत्रं हवीत की ते करणार नाहीत. आणि डॉक्टरांचं एक पत्र हवं की तिन्ही अर्जांतली कंबर एकच आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पलंगावर पडलेलो, पाय लाकडासारखा, आणि माझीच पद्धत माझ्या उरावर बसलेली. बायको स्क्रूवाल्यांकडे धावली, मेहुणा दुर्बीणवाल्यांकडे. मेहुणा परत आला तो पत्र न घेताच, आणि मनगटावर इस्पितळाची पट्टी बांधून. भलत्याच रांगेत उभा राहिला, तिथल्या नर्सनं प्रेमानं नाव विचारलं आणि याला नाही म्हणवेना. त्याला भरती करून घेणारच होते. बायकोनं त्याला खाली बसवलं, स्वतः गेली आणि पत्र घेऊन आली. स्क्रूवाल्यांनी तर उदारपणे दाखलाच दिला होता, "रुग्णास कंबर एकच आहे." मी आधी शिक्का बघितला. सवय.

मंजुरी आली. मला ढकलगाडीवर घातलं आणि छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जाऊ लागले. खिडकीत बसून दुसऱ्यांच्या चपला बघण्याचं ते चित्र पुन्हा आलं. बायको दारापर्यंत हात धरून चालत होती. तिचा हात नेहमीसारखाच गारढोण होता, आणि मला तो सोडवेना. नर्सनंच सोडवला.

जागा झालो तेव्हा पायांतल्या कळा गेलेल्या होत्या. काही दिवसांत मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत एकदाही न वाकता गेलो आणि औषधवाल्यानं मला ओळखलंच नाही. पंजाही थोडा थोडा उचलू लागला. पण डावा तळवा काही जागा होईना. "वाट बघा," एवढंच बाई म्हणत. रोज संध्याकाळी बायको माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची. मी छताकडे बघायचो. मी काही बोलत नसे, तीही काही विचारत नसे. ती शांतता मला ऑपरेशनपेक्षा जड जाई.

अशाच एका संध्याकाळी हेडमास्तर आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझ्या साडूच्या ओळखीचे ते गृहस्थ होते ना..."

आता मला काय व्हायचं राहिलं होतं? मी सगळा धीर गोळा करून विचारलं, "काय झालं हो शेवटी त्यांचं?"

"कोणाचं?"

"त्यांचं. चालत गेले होते ते."

"हां. चालत परतही आले की! ठणठणीत आहेत."

"मग तुम्ही 'होते' म्हणालात?"

"आमच्या भागात राहायला होते. आता दुसरीकडे गेले." आणि वर म्हणतात, "का हो, तुम्हाला काय वाटलं?"

काय वाटलं! या एका गृहस्थापायी मी किती घास ताटात सोडले, किती एक्स-रे टाळले, किती रकाने आखले! मी उशीवरून उठून बसलो आणि हेडमास्तरांना आयुष्यात प्रथमच काहीतरी खरमरीत सुनावणार, इतक्यात मी दचकलो आणि पाय झटकन मागे ओढला.

"अगं, केवढे गार हात तुझे!" मी ओरडलो.

बायकोनं माझा पाय पुन्हा पुढे ओढला, मांडीवर घेतला आणि दोन्ही तळहात त्या तळव्यावर दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

मी परत म्हणालो.